जागा किती, पगार किती, अर्ज किती: नोकरीबाजाराचे आकडे कसे वाचायचे

बेरोजगारीचा दर ३.२ टक्के असल्याची बातमी येते आणि त्याच आठवड्यात एका जागेमागे दोनशे अर्ज आल्याचीही येते. वाचणारा वैतागतो, कुणीतरी थापा मारतंय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खरे असू शकतात. ते मोजतात वेगवेगळं, घोळ तिथे होतो.

३.२ टक्के हा आकडा २०२३-२४ च्या पीएलएफएसचा, म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाचा. त्यात माणसाची वर्षभराची ‘नेहमीची स्थिती’ पाहतात. १५ ते २९ वयोगट वेगळा काढला तर तोच दर १०.२ टक्क्यांवर जातो. मे २०२५ पासून हे सर्वेक्षण दरमहा प्रसिद्ध होऊ लागलं आणि एप्रिल २०२५ चा पहिलाच मासिक आकडा ५.१ टक्के आला. लगेच बेकारी वाढल्याची ओरड झाली. पण मासिक आकड्यात गेल्या सात दिवसांचीच स्थिती विचारतात. त्या आठवड्यात एक तास जरी काम केलं असेल तरी माणूस रोजगारात धरला जातो. दोन पद्धतींचे दर शेजारी ठेवून चढउतार काढता येत नाही. आणि हे सर्वेक्षण घरोघरी जाऊन होतं. मालकाला ‘तुमच्याकडे किती जागा रिकाम्या आहेत’ असं त्यात कुणी विचारत नाही.

तो प्रश्न अमेरिकेत विचारतात. तिथे डिसेंबर २००० पासून दर महिन्याला आस्थापनांकडून रिक्त जागांचा हिशेब घेतला जातो आणि ‘रिक्त जागा’ मोजायला तीन कसोट्या लावतात: काम खरोखर आहे, ३० दिवसांच्या आत सुरू होऊ शकतं आणि त्यासाठी बाहेरून माणूस शोधणं चालू आहे. या तीन अटी पाठ करून ठेवाव्यात. आपल्याकडच्या कितीतरी जाहिराती यातल्या दुसऱ्या अटीलाच गळतात.

आपल्याकडे कायदा जुना आहे. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेला रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवणं बंधनकारक केलं. पण माणूस तिथूनच घ्यायचं बंधन नव्हतं आणि न कळवल्याचा पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त ५०० रुपये होता. महिना ६० रुपयांपेक्षा कमी पगाराच्या जागांना सूट होती, आणि हे कलम दशकानुदशकं तसंच राहिलं. यावरून कायद्याकडे किती लक्ष होतं ते कळतं. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि मर्यादा २० कामगारांवर आली.

म्हणून देशाच्या नोकरीबाजाराचा ‘कल’ म्हणून जे छापून येतं, ते बहुतेक वेळा पोर्टलवरच्या जाहिरातींचं मोजमाप असतं. नोकरी डॉट कॉमचा जॉबस्पीक निर्देशांक त्याच पोर्टलवरच्या नव्या जाहिराती आणि भरती करणाऱ्यांनी बायोडेटांमध्ये केलेले शोध यांवर बेतलेला आहे. कॅम्पस भरती, डिलिव्हरीसारखी गिग कामं, गल्लीतल्या दुकानातली नोकरी त्यात येत नाही. आयटी आणि पांढरपेशा कामांसाठी तो उपयोगी आहे. भोसरीच्या वर्कशॉपमधल्या टर्नर-फिटरला त्यातून काही कळणार नाही.

सरकारी एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवरच्या जागा २०२२-२३ मध्ये सुमारे ३५ लाख होत्या, २०२३-२४ मध्ये १ कोटी ९ लाखांवर गेल्या. एका वर्षात देशातल्या नोकऱ्या तिप्पट झाल्या असं कुणी म्हणणार नाही. पोर्टलवर नोंद वाढली, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या ४६ लाखांहून जास्त जागा वित्त आणि विमा क्षेत्रातल्या होत्या. या क्षेत्राच्या जाहिरातींत पगारावरची नोकरी कुठली आणि कमिशनवरचं एजंटाचं काम कुठलं हे आधी वेगळं करावं लागतं. शोधताना ‘फिक्स किती आणि इन्सेंटिव्ह किती’ हा पहिला प्रश्न ठेवा. फिक्स सांगत नसतील तर ती जागा तुमच्या मोजणीतून काढून टाका.

खासगी जाहिराती फुगतात कशा, तेही पाहू. एक कंपनी एक जागा चार कन्सल्टन्सींना देते. चौघे ‘आमच्या नामांकित क्लायंटसाठी’ म्हणून ती टाकतात, कंपनीचं नाव लपवतात. ठिकाण म्हणून पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद अशी चार शहरं टाकली की ती प्रत्येक शहराच्या शोधात दिसते. निवडलेला उमेदवार ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये दुसरी ऑफर घेऊन पसार झाला की तीच जागा पुन्हा ताजी होऊन वर येते. काही जाहिराती तर नुसते बायोडेटा गोळा करायला असतात, प्रोजेक्ट मिळालं तर माणसं हाताशी असावीत म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे: जाहिरातीतली दोन-तीन विचित्र वाक्यं उचलून अवतरण चिन्हांत गुगलवर टाका. तोच मजकूर पाच ठिकाणी सापडला तर जागा एकच आहे.

सरकारी बाजूला उलटी गंमत आहे. तिथे जागा कागदावर प्रचंड, जाहिरातीत थोड्या. १ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या ४० लाखांवर मंजूर पदांपैकी ९.७९ लाख रिक्त होती, असं सरकारने संसदेत सांगितलं. पण रिक्त पद म्हणजे भरतीची जागा नव्हे. महाराष्ट्रात आधी विभागाचा आकृतिबंध (कुठली, किती पदं याचा आराखडा) मंजूर लागतो, मग वित्त विभागाची परवानगी, मग बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं याची नोंद) तपासून घ्यायची, मग भरती करा असं सांगणारं विभागाचं मागणीपत्र आणि शेवटी जाहिरात. २०२२ मध्ये ७५ हजार पदांच्या भरतीची घोषणा झाली तेव्हा शासनाने ठरवलं की ज्यांचा सुधारित आकृतिबंध अंतिम झालाय त्यांना सरळसेवेची (बढतीने नव्हे, थेट भरतीने भरायची) रिक्त पदं १०० टक्के भरता येतील, बाकीच्यांना ८० टक्क्यांपर्यंत. तेव्हा ‘अमुक लाख पदं रिक्त’ ही बातमी वाचून क्लासची फी भरू नका. मागणीपत्र गेलंय का, एवढंच विचारा.

आता पगार. जाहिरातीत ‘६ लाख सीटीसी’ (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) लिहिलं की बहुतेक जण मनात ५० हजार महिना धरतात आणि तेवढ्यावर घरभाडं ठरवतात. पुण्यात काम करणाऱ्याचा हिशेब असा पडतो. महिन्याच्या ५० हजारांतून १० टक्के व्हेरिएबल म्हणजे ५,००० बाजूला गेले. ते वर्षअखेरीस मिळतील, न मिळतील. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या, म्हणजे मूळ पगाराच्या, ४.८१ टक्के, म्हणजे २५,००० बेसिकवर सुमारे १,२००. गटविम्याचा हप्ता ५०० धरू. उरले ४१,५००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात ३९,५००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, तेव्हा शंभर कमी. या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत सध्या प्राप्तिकर लागत नाही.

यातला सगळ्यात मोठा फरक पीएफ पाडतो. १,८०० हा १५,००० रुपयांच्या वेतन मर्यादेवरचा १२ टक्के. कंपनी पूर्ण बेसिकवर कापत असेल तर तुमचा ३,००० आणि कंपनीचाही ३,०००, दोन्ही याच सीटीसीतून. हातात मग ३७,१००. पैसे बुडत नाहीत, खात्यात जमा होतात, पण भाडं त्यातून भरता येत नाही. नव्या संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर वरची रक्कम वेतनात धरायची आहे. त्यामुळे २५-३० टक्के बेसिक दाखवून बाकी ‘स्पेशल अलाउन्स’ टाकणाऱ्या कंपन्यांना पगाराचा ब्रेकअप बदलावा लागतोय. जुन्या जाहिरातीची आणि नव्या ऑफरची तुलना करताना हे लक्षात असू द्या. ग्रॅच्युइटीचंही तसंच: कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, ठरावीक मुदतीच्या करारावर आता एका वर्षानंतर हक्क मिळतो. दोन वर्षांत कंपनी बदलणाऱ्या कायम कर्मचाऱ्याच्या सीटीसीतली ग्रॅच्युइटी ही नुसती शोभेची रक्कम.

‘३ ते ९ लाख’ अशी रुंद पट्टी दिसली तर खालचा आकडा खरा धरा. वरचा आकडा शोधात जाहिरात वर यावी म्हणून असतो, विशेषतः सेल्समध्ये. आणि कंत्राटदारामार्फतच्या ‘१५ हजार पगार’वाल्या जागेला विचारा की हे ग्रॉस (कपातीआधीचा पगार) की सीटीसी. ग्रॉस आणि पीएफ पूर्ण रकमेवर असेल तर पीएफ १,८००, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्के म्हणजे ११३ आणि व्यवसाय कर २०० जाऊन १२,८८७ उरतात. महिलांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर माफ आहे, तरी कधीकधी सवयीने कापला जातो. पहिल्याच पे-स्लिपवर बघा.

सरकारी जाहिरातीत ‘२५,५००–८१,१००’ असं लिहिलेलं असतं. तलाठ्याची वेतनश्रेणी हीच. यातला पहिला आकडा तुमचा मूळ पगार. दुसरा आकडा दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ मिळत गेली आणि बढती कधीच झाली नाही, तर ३९ वेतनवाढींनंतर येतो. मूळ पगारावर महागाई भत्ता आणि घरभाडं मिळतं, म्हणून हातात येणारी रक्कम २५,५०० पेक्षा बरीच जास्त असते. खासगीत छापलेल्या आकड्यातून वजाबाकी करायची, सरकारीत बेरीज. तुलना करणारे नेमकं हेच विसरतात.

आता स्पर्धा. २०२३ च्या तलाठी भरतीत साधारण साडेचार हजार जागांसाठी १० लाख ४१ हजारांवर अर्ज आले. जागेमागे २३०. प्रत्यक्ष परीक्षेला बसले सुमारे ८ लाख ६४ हजार, म्हणजे १९२. नऊशे-हजार रुपये फी भरूनही पावणेदोन लाख जण आले नाहीत. परीक्षा पन्नासहून जास्त सत्रांत झाली आणि गुणांचं सामान्यीकरण (सोप्या-अवघड सत्रांचे गुण एका मापावर आणणं) केल्यावर २०० पैकी २१४ गुणही दिसले. त्यावरून वादळ उठलं. सामान्यीकरणात असं होऊ शकतं, पण जाहिरातीत ते नीट समजावून सांगितलेलं नसलं की संशय वाढणारच.

अर्जांची संख्या म्हणजे माणसांची संख्या नव्हे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाख ७६ हजारांच्या आसपास अर्ज होते, पण शिपाई, चालक, एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस), कारागृह शिपाई यांचे अर्ज वेगवेगळे. एकच मुलगा तीन ठिकाणी मोजला जातो. रेल्वेत तर यावरून आंदोलन पेटलं. २०१९ च्या एनटीपीसी (रेल्वेची बिगरतांत्रिक पदं) भरतीत सुमारे ३५ हजार जागांना सव्वा कोटी अर्ज आले होते. जानेवारी २०२२ मध्ये पहिल्या टप्प्याचा निकाल लागला तेव्हा जागांच्या वीसपट म्हणून सुमारे ७ लाख क्रमांक पुढे गेले. पण एकच उमेदवार अनेक वेतनस्तरांच्या यादीत होता, त्यामुळे प्रत्यक्ष माणसं खूपच कमी निघाली. बिहारमध्ये मुलं रुळांवर उतरली. मार्चमध्ये रेल्वेने प्रत्येक स्तराला वीसपट वेगळे उमेदवार घ्यायचं मान्य केलं.

शिवाय तुमची स्पर्धा एकूण जागांसाठी नसतेच. जिल्ह्यात ४० जागा निघाल्या असं समजा. सध्याच्या टक्केवारीने खुल्या वाट्याच्या २८ टक्के, म्हणजे ११. त्यात समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतल्या राखीव जागा: महिला ३, माजी सैनिक २, प्रकल्पग्रस्त १, खेळाडू १, अंशकालीन पदवीधर १. सर्वसाधारण म्हणून ३ उरतात. (नेमका आकडा बिंदुनामावलीप्रमाणे हलतो, हा फक्त अंदाज.) मात्र माजी सैनिक आणि अंशकालीनच्या जागांना पात्र उमेदवार बरेचदा मिळत नाहीत आणि त्या त्याच प्रवर्गात सर्वसाधारणकडे वळतात. म्हणून गेल्या भरतीची अंतिम निवड यादी काढून बघा, जाहिरातीतल्या ३ च्या जागी प्रत्यक्षात किती घेतले. कट-ऑफपेक्षा ही यादी जास्त सांगते. प्रतीक्षा यादीतून कितवा क्रमांक बोलावला तेही टिपून ठेवा.

खासगीत ‘१०० हून अधिक अर्ज’ पाहून मागे फिरू नका. लिंक्डइनवर कंपनीच्या संकेतस्थळावर नेणाऱ्या जाहिरातीत बटण दाबणारेही मोजले जातात; पुढे फॉर्म भरला की नाही हे त्याला माहीत नसतं.

देशाच्या निर्देशांकापेक्षा स्वतःची मोजणी कामाची, आणि ती महिन्यातून अर्ध्या तासात होते. एक पद, एक शहर, अनुभवाची एक पट्टी ठरवा. त्या पदाची तीन नावं घ्या, उदाहरणार्थ अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, अकाउंटंट, अकाउंट्स असिस्टंट. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ‘गेल्या ७ दिवसांत’ हा फिल्टर लावा. एक्सेलमध्ये कंपनी, ठिकाण, फिक्स पगार आणि जाहिरात कुणी टाकली एवढे चारच रकाने ठेवा. दुबार खोडा. पगार न लिहिलेल्या जागा मोजा, पण सरासरीत घेऊ नका. आणि सरासरीऐवजी मधला आकडा (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा) घ्या, एक २५ लाखांची जाहिरात सगळं चित्र बिघडवते.

गेल्या महिन्याशी तुलना करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आर्थिक वर्षाच्या शेवटी आणि एप्रिलनंतरच्या बजेटवर भरतीची लय बदलते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मात्र एकत्रच धरा. दिवाळीत भरतीवाले सुट्टीवर असतात आणि दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरच्या आसपास होती, २०२५ मध्ये २० ऑक्टोबरच्या. ज्या महिन्यात दिवाळी, त्यात ‘भरती घसरली’ आणि पुढच्यात ‘भरतीत उसळी’ असे मथळे येतात. दोन महिन्यांची बेरीज केली की त्यातला बराचसा चढउतार नाहीसा होतो.