फॅक्टरी ओव्हरक्लॉक केलेले ग्राफिक्स कार्ड पारखताना

उच्च श्रेणीच्या ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर ‘ओसी’ (ओव्हरक्लॉक) ही दोन अक्षरे ठळक छापलेली असतात, तपशिलाच्या पानावर कारखान्यातूनच वाढवलेल्या क्लॉकचा, म्हणजे चिपच्या वेगाचा, आकडा असतो, आणि बहुतेक जण कार्डाची तुलना त्या आकड्यापासूनच सुरू करतात. कार्ड पारखताना सर्वांत कमी वजन द्यावे असा आकडा तोच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या मॉडेलपेक्षा जे जादा पैसे आपण मोजतो, ते खरे पाहता मोठ्या कूलरसाठी, दणकट वीजमंडलासाठी आणि त्यातून मिळणाऱ्या शांततेसाठी असतात. म्हणून परीक्षाही त्यांचीच घ्यायला हवी.

आरटीएक्स ४०९० चे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या या कार्डासाठी चिपची रचना करणाऱ्या एनव्हिडियाने ठरवलेला बूस्ट क्लॉक, म्हणजे भाराखालचा जाहीर वेग, २५२० मेगाहर्ट्झ आहे. कार्ड बनवणाऱ्या आसुसच्या रॉग स्ट्रिक्स ओसी मॉडेलवर, ओसी मोड चालू केल्यावर, तोच आकडा २६४० होतो. फरक १२० मेगाहर्ट्झचा, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. प्रत्यक्ष खेळ सुरू केला की साधे कार्डही २७०० मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याच्या वर धावताना दिसते, कारण २०१२ साली जीटीएक्स ६८० बरोबर आलेली जीपीयू बूस्ट ही व्यवस्था तापमान, वीजवापर आणि व्होल्टेज यांच्या मर्यादेत जेवढी जागा शिल्लक असेल तेवढा क्लॉक आपणहून वाढवत राहते. साहजिकच कागदावरचे अंतर आणखी आक्रसते आणि हाती दोन-तीन टक्के उरतात. जिथे सेकंदाला ६० फ्रेम (पडद्यावरची चित्रे) मिळत होत्या तिथे ६२ मिळतील. हा फरक आलेखात दिसतो, डोळ्यांना जाणवत नाही.

या दोन-तीन टक्क्यांची विजेतली किंमत मात्र मोठी असते. चिपचा वीजवापर ढोबळमानाने क्लॉकच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही पाच-पाच टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे सोळा टक्क्यांनी वाढते. ४०९० ची मूळ मर्यादा ४५० वॅट आहे आणि काही महागड्या मॉडेलांवर ती ६०० वॅटपर्यंत नेता येते. हे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतात. म्हणून फ्रेमचा आकडा लिहिताना त्याच ओळीत वॅटचा आकडा लिहिलेला नसेल, तर ते परीक्षण मी अपुरे समजतो.

मोजमापाची शिस्त इथे फार महत्त्वाची आहे, कारण मोजायचा फरक मोजण्यातल्या चुकीएवढाच बारीक आहे. थंड कार्डावरची पहिली फेरी नेहमी फसवी असते: चिप गार असल्यामुळे क्लॉक वर राहतो आणि त्याच वेळी शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होत असल्यामुळे मधूनच झटके बसतात. ती फेरी सोडून द्यावी, कार्ड वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण भाराखाली तापू द्यावे आणि मगच नोंदी घ्याव्यात. रेझोल्युशन फोरके ठेवावे, नाहीतर आपण प्रोसेसरचीच मर्यादा मोजत बसतो. सरासरीबरोबर सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडाही पाहावा, कारण खेळताना खुपते ती सरासरी नव्हे, मध्येच अडखळणारी फ्रेम.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी मात्र समान आवाजावरची आहे. दोन कार्डे आपापल्या मूळ सेटिंगवर ठेवून नुसते तापमान ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही; एका कंपनीने पंखे जोरात फिरवले की तिचे कार्ड गार दिसणारच. त्याऐवजी ठरावीक अंतरावर आवाजमापक ठेवावा, दोन्ही कार्डांचे पंखे हाताने असे लावावेत की दोघांचा आवाज सारखा, समजा ३५ डेसिबल, भरेल, वीजमर्यादा दोन्हीकडे एकच ठेवावी आणि तापमान स्थिरावेपर्यंत थांबावे. नोंद घेताना खोलीचे तापमान वजा करावे, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदीही एकमेकींशी ताडता येतात. तीन-साडेतीन स्लॉट अडवणाऱ्या भल्यामोठ्या हीटसिंकने आपली जागा सार्थकी लावली की नाही, हे या एका चाचणीत उघड होते. चिपच्या सरासरी तापमानाशेजारी हॉटस्पॉटचे, म्हणजे चिपवरच्या सर्वांत तप्त जागेचे, तापमानही लिहावे. दोहोंत दहा-पंधरा अंशांचे अंतर असणे नेहमीचे आहे. ते पंचवीस-तीसपर्यंत गेले तर थर्मल पेस्ट नीट पसरलेली नाही किंवा कूलर चिपवर सपाट बसलेला नाही असा संशय घ्यावा.

आवाजाची आणखी एक बाजू आकड्यात सापडत नाही. हलक्या कामात पंखे पूर्ण थांबवण्याची सोय आता सर्रास असते, पण सुरू होण्याचे आणि थांबण्याचे तापमान फार जवळजवळ ठेवले असेल तर पंखे थोड्या थोड्या वेळाने घुर्रर करून उठतात, अर्ध्या मिनिटात पुन्हा झोपतात आणि लिहिता-वाचताना हा खेळ अखंड आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. असे कार्ड कितीही गार राहत असले तरी मी त्याचे गुण कापतो.

मेमरीचा वेग हाताने वाढवून पाहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ४०९० सारख्या कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी चुका ओळखून तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे मर्यादा ओलांडल्यावर पडद्यावर ठिपके उमटतीलच किंवा यंत्र बंद पडेलच असे नाही. वेग गुपचूप घसरू लागतो. ‘क्रॅश झाले नाही’ हा इथे पुरावा होत नाही, प्रत्येक पायरीवर फ्रेम मोजाव्या लागतात.

स्थिरतेबाबत सप्टेंबर २०२० चा प्रसंग आठवण्यासारखा आहे. आरटीएक्स ३०८० बाजारात येताच वेगवेगळ्या कंपन्यांची, त्यातही फॅक्टरी ओव्हरक्लॉक असलेली, अनेक कार्डे क्लॉक २००० मेगाहर्ट्झच्या पुढे जाताच खेळ बंद पाडू लागली. चिपच्या मागे बसवलेल्या, वीजपुरवठा स्थिर ठेवणाऱ्या कपॅसिटरांवर बरीच चर्चा झाली. तेव्हा कार्डे बनवणाऱ्या ईव्हीजीएने तर सहा पॉसकॅपची (एका प्रकारच्या मोठ्या कपॅसिटरांची) आपली आधीची रचना प्रत्यक्ष वापराच्या चाचण्यांत टिकली नाही म्हणून बदलल्याचे स्वतः जाहीर केले. त्याच महिन्यात एनव्हिडियाचा ४५६.५५ हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आला आणि तक्रारी बऱ्याच निवळल्या. मी यातून घेतलेला धडा चाचणीच्या पद्धतीविषयीचा आहे. सर्वांत उंच क्लॉक जड भाराखाली नव्हे, तर हलक्या आणि सतत बदलत्या भारात गाठला जातो, कारण तेव्हा वीजमर्यादा आड येत नाही. मेनू उघडणे, खेळातून बाहेर येणे, फ्रेमची मर्यादा लावून जुना खेळ खेळणे अशा वेळी कार्ड कोसळत नाही ना, हे तासभर चालणाऱ्या जड बेंचमार्कइतक्याच काळजीने तपासावे.

कॉइल व्हाइन, म्हणजे भाराखाली वीजमंडलातल्या कॉइलांतून येणारी बारीक शिटी, एकाच मॉडेलच्या दोन नगांतही वेगळी असते, तेव्हा एका नगावरून पूर्ण मॉडेलवर शिक्का मारू नये. वजन दोन किलोच्या वर जात असेल तर खालून आधार द्यावा.

शेवटचे काम बायोसच्या (कार्डात साठवलेल्या मूळ सेटिंगच्या) स्विचचे. अशा अनेक कार्डांच्या कडेवर हा बारीक स्विच असतो, आणि ‘परफॉर्मन्स’ व ‘सायलेंट’ या दोन स्थितींत पुष्कळदा क्लॉक जवळपास तोच राहून केवळ पंख्यांचा वेग बदलतो. सर्व नोंदी दोन्ही स्थितींत घ्याव्यात. सायलेंटवर क्लॉक एखाद्या टक्क्यापलीकडे घसरत नसेल, हॉटस्पॉट आटोक्यात राहत असेल आणि कॅबिनेट बंद केल्यावर कार्डाचा आवाज वेगळा ओळखू येत नसेल, तर त्या कार्डासाठी मोजलेले जादा पैसे मला रास्त वाटतात. हे जमत नसेल, तर त्याच चिपचे साधे कार्ड घेऊन त्याची वीजमर्यादा थोडी खाली आणणे मी पसंत करेन; वेग थोडासाच कमी होतो आणि उष्णता मात्र बरीच उतरते.