खटक्याच्या जुन्या कुलपाच्या पट्ट्या: पाणी देण्यापर्यंतची प्रगती

पारोळ्याकडील एका वाड्यातील कोठाराच्या दारावरचे लोखंडी कुलूप सध्या माझ्या बाकावर आहे. याची किल्ली फिरत नाही, ती सरळ आत सरकते, दांड्यावर फाकलेल्या पोलादी पट्ट्या दाबून धरते आणि मग दांडा मागे ओढता येतो. चारपैकी दोन पट्ट्या रिव्हेटजवळ तुटलेल्या होत्या आणि उरलेल्या दोन दाबल्यावर पुन्हा फाकत नव्हत्या, म्हणून चारही नव्याने घडवण्याचे ठरवले.

पोलादासाठी सुताराची जुनी, दात संपलेली करवत घेतली. तिचे पाते साध्या उच्च कार्बनाचे असते आणि जाडी ०.८ मिलिमीटरच्या आसपास असल्यामुळे कानस कमी चालवावी लागते. ट्रकचा कमानपाटा भंगारात सहज मिळतो, पण तो इतका पातळ करत बसण्यात अर्थ नाही. पट्ट्या करवतीच्या लांबीच्या दिशेनेच कापल्या, कारण लाटलेल्या पोलादाच्या तंतूंना आडवी कापलेली पट्टी वाकताना लवकर तडकते. पाते तांबडे तापवून राखेत सावकाश थंड केल्यावर कानस आणि ड्रिल दोन्ही नीट चालू लागले.

पट्टी मऊ पडली तर तिला अधिक कडक पाणी द्यावे, म्हणजे तापवून एकदम बुडवून थंड करत आणखी कडक करावे, असा सल्ला आपल्यात वारंवार दिला जातो. मला तो पटत नाही. पोलाद मऊ असो वा कडक, ठरावीक दाबाने ते किती वाकेल हे जवळजवळ सारखेच राहते; पाण्यामुळे बदलते ती फक्त कायमची न वाकता परत येण्याची मर्यादा. ताठरपणा मापातून येतो आणि तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे ०.८ ऐवजी ०.९ मिलिमीटर जाडी ठेवली तर पट्टी सुमारे ४२ टक्क्यांनी अधिक ताठ होते. म्हणूनच किल्लीचा जोर कानशीनेच जुळवला: रिव्हेटकडचे टोक पूर्ण जाडीचे ठेवून मोकळ्या टोकाकडे पट्टी क्रमाने ०.५ पर्यंत उतरवली, जेणेकरून ताण एकाच जागी न साठता लांबीभर वाटला जाईल. शेवटचे ओरखडे लांबीच्या दिशेने घेतले, कारण आडवा ओरखडा ही तडा जाण्याची तयार जागा असते. भोकाच्या कडाही त्याच कारणासाठी गोल केल्या.

तापवण्याचे काम दिवस मावळल्यावर केले, कारण मे महिन्यातील जळगावच्या उन्हात पोलादाचा तांबडा रंग डोळ्यांना दिसतच नाही. सुमारे ७७० अंशांना पोलाद लोहचुंबकाला चिकटणे सोडते. त्याहून किंचित वर नेऊन पट्टी शेंगदाण्याच्या तेलात उभी बुडवली. तेल थोडे कोमट असावे लागते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात ते मुद्दाम गरम करण्याची फारशी गरज पडत नाही! बाहेर काढलेली पट्टी काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून ती लगेच पॉलिश करून लोखंडी तव्यावरील वाळूत ठेवली आणि पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग उलटत संपूर्ण निळा, म्हणजे अंदाजे ३०० अंशांचा रंग येईपर्यंत तापवली. थेट ज्योतीवर पातळ टोक आधी निळे होते आणि जाड टोक मागे राहते. वाळूमुळे हा फरक बराच कमी होतो. रिव्हेटभोवतालचा भाग त्यानंतर किंचित अधिक तापवून राखाडी होऊ दिला, कारण जुन्या पट्ट्या तिथेच तुटल्या होत्या.

पहिल्या दोन पट्ट्या किल्लीच्या खाचेएवढ्या रुंदीत दाबून रात्रभर शिकंज्यात ठेवल्या आणि सकाळी त्यांचा फाक कमी झालेला आढळला नाही. उरलेल्या दोन कानसून तयार आहेत. चारही जमल्यावर त्या मऊ लोखंडाच्या रिव्हेटने थंडच बसवायच्या आहेत, कारण तापलेल्या रिव्हेटच्या उष्णतेने शेजारच्या पोलादाचे पाणी उतरते.