ढेमसे, मठ्ठा अन् काटा : 21 आठवड्यांची वही

4 नोव्हेंबर. वजन 87.2. उंची 170 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) 30च्या वर. आपल्या भारतीय शरीरांसाठी लठ्ठपणाची रेघ 25वरच आखलेली आहे, त्यामुळे पळवाट नाही. दिवाळीचा चिवडा अजून डब्यात आहे अन् मी नवा काटा ओट्यावर मांडला आहे. ग्रॅमचाही फरक दाखवतो. गाठायचे आहेत 77, घाई नाही.

याआधी दोनदा डायट केलं. दोन्ही वेळा संध्याकाळी पाचच्या भुकेनं घात केला. दुपारी दोन पोळ्या अन् चमचाभर भाजी खाऊन "झालं माझं" म्हणायचं अन् पाच वाजता ऑफिसखालच्या टपरीवर दोन आलूबोंडे. या वेळी दिवसाच्या 1,750 कॅलरी ठरवल्यात, पण ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. ज्यात पाणी अन् चोथा जास्त, ते वाडगाभर. ज्यात तेल अन् पीठ जास्त, ते मोजून.

9 नोव्हेंबर, शनिवार. आज आईनं लवकीची (म्हणजे दुधी भोपळ्याची) भाजी केली. फोडणीआधी मी तेलाची बुधली काट्यावर ठेवली, फोडणीनंतर पुन्हा ठेवली. 41 ग्रॅमचा फरक. ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे 369. कढईत 600 ग्रॅम लवकी होती, तिच्या जेमतेम 90. चार माणसांच्या भाजीत खरी भाजी कोणती, हे काट्यानं सांगून टाकलं.

"एवढंसं तर टाकलं रे बाबू," आई म्हणाली. मी आकडा दाखवला. तिनं चष्मा लावून नीट पाहिला अन् म्हणाली, "हा काटाच खोटा बोलून राहिला."

रात्री मात्र तिनंच आठवण काढली. रेशनचं तेल पुरवून वापरायच्या दिवसांत तिची आई कढईवर पाण्याची ताटली ठेवायची. भाजी खाली लागायला आली की ताटलीतलंच गरम पाणी चमचाभर सोडायचं. मसाला परततानाही तेच. पुढच्या सोमवारपासून आमच्या घरी ही पद्धत सुरू झाली. 15 ग्रॅम तेलात चौघांची भाजी होते अन् चव गेली असं मुलगीही म्हणत नाही, जी एरवी सगळ्यालाच नाव ठेवते.

तुम्ही नवीन असाल तर पहिल्या आठवड्यात बाकी काही मोजू नका, फक्त बुधली मोजा.

24 नोव्हेंबर. 86.0. संत्र्याचा आंबिया बहार (हिवाळ्याच्या तोंडाचं पीक) जोरात आहे, कोपऱ्याकोपऱ्यावर संत्र्यांच्या हातगाड्या. माझं डायट नागपुरात आहे हे माझं नशीबच. आपल्या संत्र्याची साल सैल असते, नख लावलं की सुटते, पण शिरा काढत, बिया थुंकत एकेक फोड खायला वेळ लागतो. मी घड्याळ लावलं : दोन संत्री, 9 मिनिटं. सोललेल्या मध्यम फळाला 50च्या आसपास धरतो, म्हणजे शंभर कॅलरीत नऊ मिनिटं तोंड चालू. तीच चार-पाच संत्री पिळून पेला भरला तर अर्ध्या मिनिटात रिकामा अन् अर्ध्या तासात पुन्हा भूक. रस बंद. संत्रा बर्फीचं तर नावच काढू नका, ती मिठाईच आहे, फळाच्या नावाखाली खपते एवढंच.

याला थोडा शास्त्राचा आधारही सापडला. सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये 38 पदार्थांची परीक्षा घेतली होती. प्रत्येक पदार्थ 240 कॅलरी भरेल एवढाच खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारायचं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले, तर संत्र्याला 202 पडले. एकेका पदार्थाला माणसं जेमतेम डझनभर होती, म्हणून आकडे दगडावरची रेघ समजू नयेत, पण माझ्या पोटाचं मत त्याच बाजूचं आहे. सगळ्यात वर कोण होतं माहीत आहे? उकडलेला आलू. 323.

1 डिसेंबर. 85.6. तर मग आलू. गेले आठ दिवस संध्याकाळी पाचला डब्यात 200 ग्रॅम उकडलेला आलू नेतो. साधारण 170 कॅलरी. सालीसकट फोडी, वरून भाजलेलं जिरं, काळं मीठ, हिरवी मिरची, लिंबू अन् मूठभर सांबार. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचा नव्हे.) टपरीकडे पाय वळला नाही. ऑफिसात एकानं टोमणा मारला, "डायट करून राहिला अन् आलू खातो?" हातात त्याच्या आलूबोंडा होता.

8 डिसेंबर. सकाळचे तर्री पोहे हा माझा हळवा कोपरा, ते सोडणार नाही हे पहिल्याच दिवशी बायकोला सांगून टाकलं होतं. बाहेरच्या प्लेटमध्ये वर तरंगणारा लाल तवंगच खरा महाग, खालचा चना गरीब बिचारा. घरचं गणित असं बसवलं : कोरडे पोहे 40 ग्रॅम, त्यात बारीक चिरलेली पानकोबी 150 ग्रॅम, चमचाभर तेल. कोबी पोह्यांसारखीच चिरायची अन् फोडणीत अर्धवट शिजवायची, नाहीतर गवत खाल्ल्यासारखं लागतं. 30 ग्रॅम काळा चना भिजवून शिजवला अन् त्याच्याच पाण्यात तर्री केली. तवंगासाठी तिखट कोरडंच भाजून घेतलं, रंग तरी येतो. मोठी प्लेट, सगळं मिळून साडेतीनशेच्या आत. बायको म्हणाली, "बरी आहे." तिच्या तोंडून हे म्हणजे बक्षीसच.

22 डिसेंबर. 84.3. थंडीतलं वांग्याचं भरीत. 300 ग्रॅमचं वांगं गॅसवर भाजायचं, साल काळी पडून रस सुटेपर्यंत. हिरव्या पातीचा कांदा, मिरची, सांबार, चमचाभर तेल. भाजलेल्या वांग्याला स्वतःचाच असा धूर असतो की तेलाची उणीव कळत नाही. सोबत ज्वारीची एकच भाकरी. शंभरेक कॅलरीत वाडगाभर भरीत, यापेक्षा स्वस्त चैन मला माहीत नाही.

दुसरी चैन पातळ बेसनाची. म्हणजे पिठलंच, आपण बेसन म्हणतो. 30 ग्रॅम पिठात 300 मिली पाणी टाकलं तरी मोठा वाडगा भरतो, कारण बेसन पाणी धरून ठेवतं. पीठ 115, तेलाचा चमचा 45. गरम गरम प्यायलं तरी चालतं. आमच्याकडे आता रात्री आठवड्यातून दोनदा हेच.

12 जानेवारी. 84.1. तीन आठवड्यांत 200 ग्रॅम. वहीप्रमाणे मी रोज 1,750 खातोय, काट्याप्रमाणे खोटं बोलतोय.

शेवटी चोर सापडला. स्वयंपाकघरात डबे लावलेत, त्यात तिसरा फल्लीदाण्यांचा, म्हणजे शेंगदाण्यांचा. जाता येता हात जातो. आज मुठीत आले तेवढे खाली न टाकता काट्यावर ओतले : 42 ग्रॅम. 240 कॅलरी. दिवसाला अशा दोन मुठी सहज होत असतील, वहीत एकही नाही. ज्या परीक्षेत संत्र्याला 202 मिळाले तिथे दाण्यांना फक्त 84 आहेत, ब्रेडपेक्षाही कमी. दाणे वाईट नाहीत, माझी मूठ मोठी आहे. डबा वरच्या फळीवर गेला, स्टुलावर चढल्याशिवाय मिळत नाही.

दुसरा चोर पाकिटातला. एका दुकानातून "डायट" लिहिलेला चिवडा आणला होता. मागची बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घेतली, 100 ग्रॅमला 470. घरच्या चिवड्यात अन् त्याच्यात फरक फक्त किमतीचा. त्याऐवजी मुरमुरे. वजनाला तेही हलके नाहीत, शंभर ग्रॅमला 400च्या घरात, पण 20 ग्रॅममध्ये मोठा वाडगा भरतो. कांदा, टमाटर, सांबार, लिंबू टाका. तेल अन् शेव टाकली की मग ती भेळ झाली.

मोड आलेल्या मुगाबद्दल एक सूचना, कारण यात मी स्वतः फसलो. अ‍ॅपमध्ये 100 ग्रॅम मोडांना 30 कॅलरी दाखवतात. ते बोटभर लांब, नुसत्या पाण्याने भरलेले मोड. आपल्याकडे फडक्यात बांधून नुकतं शेपूट बाहेर आलेले मूग असतात, त्यांच्यात दाणाच जास्त. म्हणून भिजवण्याआधीच कोरडे मोजा : 30 ग्रॅमला साधारण 100. तरी वाटीभर उसळ होते अन् प्रथिनं मिळतात ती वेगळी.

15 जानेवारी. संक्रांत झाली. तीळगूळ खाल्ला. मोजला नाही.

2 फेब्रुवारी. 83.0. काल एका सावजी भोजनालयात मित्राच्या बढतीची पार्टी. आज सकाळी काटा 84.2. पूर्वी असा आकडा पाहिला की मी डायटच सोडून द्यायचो. एका रात्रीत 1.2 किलो चरबी वाढायला नऊ हजारांवर कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात, अन् मी कितीही खादाड असलो तरी तेवढं मटण माझ्यानं होत नाही. मिठानं धरलेलं पाणी ते. वहीत मी सात दिवसांची सरासरी लिहितो, म्हणून वर 83.0 आहे. (नंतरची नोंद : चार दिवसांत काटाही खाली आला.)

1 मार्च. 81.6. मृग बहाराची संत्री सुरू आहेत. उन्हं तापली, जेवणाची इच्छाच कमी होतेय, याचा फायदा घेतो. मठ्ठा सुरू केला : 100 ग्रॅम दही, 300 मिली पाणी, जिरं, मीठ, आलं, सांबार. 60-65 कॅलरीत मोठा लोटा. जेवणाआधी अर्धा, जेवणासोबत अर्धा. पोटात जागाच उरत नाही.

बीपीमुळे माझा एक मित्र मीठ न घालता पितो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर माझी वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा, गोळी तीच ठेवून खाणं कमी केलं तर चक्कर येते.

16 मार्च. 80.9. कॉटन मार्केटमध्ये सकाळी सहाला गेलो. ढेमसे आले! कोवळे, वरची लव हाताला लागते असे. दोन किलो घेतले. चिवळही दिसली, पण जुडी पाहूनच आईचा चेहरा उतरला. चिवळ निवडणं म्हणजे अर्धा दिवस. "तुला खायची असेल तर तूच निवड," म्हणाली. बसलो. मुळं खुडा, माती झटका, पिवळी पानं वेगळी करा. सव्वा तास गेला अन् परातभर भाजीची कढईत मूठभर झाली. मूगडाळ घालून केली. आंबटसर, थोडी बुळबुळीत, मला फार आवडते. एवढी मेहनत करून काही खाल्लं की माणूस हळू खातो, हा फायदा कोणत्याच तक्त्यात लिहिलेला नाही.

ढेमसे मी सोलत नाही, नुसती लव खरवडतो. चार चिरा देऊन आत कांदा-तिखट-धणे भरायचं, दाण्याचं कूट फक्त 10 ग्रॅम, अन् ताटलीचं पाणी. 300 ग्रॅम एकट्यानं खाल्ले तरी भाजीच्या 60-70च. डब्यात आता एक भाकरी, असली 300 ग्रॅम भाजी, वाटीभर वरण अन् एक वाळूक (काकडीचाच प्रकार). खाऊन उठायला पंचवीस मिनिटं लागतात. शेजारच्या टेबलावरच्याला वाटतं मी दोन माणसांचं जेवतो.

31 मार्च. 80.1. 147 दिवसांत 7.1 किलो, म्हणजे दिवसाला सरासरी 370ची तूट. पँट दोनदा आवळून घेतली, टेलर आता ओळखतो. कोहळं अन् दोडक्यांवर लिहायचं राहिलं, पुढच्या वेळी.

कबुलीजबाबही देऊन टाकतो. परवा पहिलं टरबूज आणलं. 100 ग्रॅमला 30 कॅलरी, म्हणजे पाणीच की, म्हणून अर्धं घेऊन कूलरसमोर बसलो. चमचा घातला अन् क्रिकेट बघत राहिलो. संपल्यावर भानावर आलो, नुसतं साल काट्यावर ठेवलं अन् आधीच्या वजनातून वजा केलं. 1,480 ग्रॅम पोटात. 444 कॅलरी.

आई मागे उभीच होती. "आता साल बी मोजून राहिला?" म्हणाली अन् उरलेलं अर्धं उचलून फ्रिजमध्ये ठेवून आली.