तिथी आहे, साल नाही

पितृपंधरवड्यातली दुपार. गुरुजी विचारतात, "पणजोबांचं नाव?" घरात शांतता. मग कोणीतरी नागपूरच्या काकांना फोन लावतं. नाव मिळतं, गोत्र मिळतं, तिथीसुद्धा मिळते, कार्तिक वद्य त्रयोदशी. साल विचारलं की काका म्हणतात, "प्लेगच्या आधी असणार बघ."

एकोणिसाव्या शतकातला साधा संसारी माणूस आपल्यापर्यंत असाच येतो. जन्म कधीचा, पत्ता नाही. धंदा काय, तर "शेती आणि थोडी सावकारी" असं काहीतरी मोघम. खीर-वडे कुठल्या दिवशी करायचे, ते मात्र पक्कं. श्राद्धाला साल लागतच नाही, म्हणून ते कोणी जपलं नाही. ज्या घरांत तिथीही उरली नाही, तिथे सर्वपित्रीला सगळ्यांचं मिळून एकच पान.

शास्त्रात त्याच्या बढतीची सोय चोख आहे. मुलगा श्राद्ध घालतो तोवर तो वसुरूप, नातू घालू लागला की रुद्ररूप, पणतवापाशी आदित्यरूप. पणतू गेला की सपिंडीकरणात त्याच्या लांबट पिंडाचे तीन भाग करून बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात, आणि सर्वांत वरचे, म्हणजे आपले गृहस्थ, पुढच्या श्राद्धापासून यादीबाहेर. नंतरच्या तीन पिढ्या ते लेपभागी. पिंड दिल्यावर हाताला चिकटलेला भात दर्भाच्या मुळांना पुसतात, तेवढाच त्यांचा वाटा. तोवर शंभरेक वर्षं सहज होतात. नावानिशी हाक मारणारी एवढी लांब पेन्शन कुठलं सरकार देतं?

साल हवंच असेल तर नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे जावं. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की वही निघते. बापाच्या अस्थी घेऊन आलेला आपला माणूस त्यात सापडतो, भावांची आणि मुलांची नावं ओळीने, बायकोचं बहुधा गाळलेलं. इसवी सन काढायला, शके १८०० असेल तर ७८ मिळवायचे, पण दिवस जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा असेल तर ७९. इथे भले भले एक वर्ष चुकतात. नोंद काशीच्या वहीतली असेल तर आणखी सांभाळायचं, कारण आपला कार्तिक वद्य पक्ष तिकडे मार्गशीर्ष कृष्ण होतो.

दुसरी जागा गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. लिपी मोडी. आधी ओढलेल्या रेघेखाली अक्षरं सलग लटकवलेली, शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, वर "अमका बिन तमका" (बिन म्हणजे मुलगा), "सखू कोम धोंडी" (कोम म्हणजे बायको). अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, तो याच कागदांमुळे. वयावर विश्वास ठेवू नये, सगळे चाळीस, पन्नास नाहीतर साठचे. कारणावर तर नाहीच. पटकी किंवा देवी असेल तर तसं लिहीत, बाकी बहुतेक जण तापाने गेले. वैद्य-डॉक्टर कोणी बघायला आलेला नसे. पाटील-कोतवालाने सांगितलं तेच कारण.

मुलगा मुंबईला असला तर बातमीचाच प्रश्न. एका पैशाचं कार्ड आलं १८७९ साली, तेव्हापासून जरा बरं. वर श्री नसलेलं कार्ड हातात पडलं की पुढचं वाचायची गरज नसे. मृत्यूचा दिवस कळलाच नाही, तर बातमी ऐकल्याची तिथी धरायची मुभा आहे. तेव्हा आपण पाळतो त्यातल्या काही तिथ्या पोस्टमनच्याही असतील.

आणि काशीला म्हणून गेलेला परतलाच नाही तर? बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या ३६० देठांचा पुतळा, डोक्याच्या जागी नारळ, आणि रीतसर दहन. एवढं उरकल्यावर स्वारी दारात उभी राहिली, तर त्याचीही तजवीज ग्रंथांत आहे. त्याला तुपाने न्हाऊ घालायचं, जातकर्मापासून, म्हणजे जन्माच्या वेळच्या संस्कारापासून, सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि लग्नही पुन्हा लावायचं, त्याच बायकोशी. तिला विचारायचं की नाही, हे कुठे दिलेलं दिसत नाही. आणि एवढं तूप तरी कोणाकडे असायचं!