सर्व्हरची क्षमता आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती

क्षमता व्यवस्थापन, म्हणजे यंत्रणा कामाचा भार पेलू शकेल याची तजवीज, म्हटले की माहिती तंत्रज्ञान विभाग प्रोसेसर, मेमरी आणि स्टोरेजच्या वापराचे आलेख पुढे करतो. पण मार्चअखेरीचे अहवाल लेखा विभाग एकाच रात्री चालवणार आहे, ही माहिती तिथल्या कर्मचाऱ्याकडेच असते. आयटीआयएल या माहिती तंत्रज्ञान सेवा चालवण्याच्या मार्गदर्शक पद्धतीत व्यवसाय, सेवा आणि घटक अशा तीन पातळ्यांवर क्षमतेचा विचार सांगितला आहे, आणि माझ्या मते त्यातली पहिली पातळी मुलाखतींशिवाय हाती लागत नाही.

मुलाखत एकेकट्याची घ्यावी, वरिष्ठांच्या अनुपस्थितीत. ‘यंत्रणा मंद चालते का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणते काम तुम्ही मुद्दाम संध्याकाळवर ढकलता?’ असे विचारले, की कर्मचाऱ्यांनी स्वतःच शोधलेल्या पळवाटा आणि त्यांमागे दबलेली, आलेखात कधीच न दिसणारी मागणी बाहेर येते.

मुलाखतींनंतरच्या कार्यशाळेत मात्र सर्व विभागांना एकत्र बसवून रांगेचे गणित फळ्यावर मांडावे. एकच सर्व्हर असून विनंत्यांचे आगमन आणि त्यांना लागणारा वेळ यादृच्छिक मानला, तर ८० टक्के वापर असताना रांगेतील सरासरी प्रतीक्षा सेवेच्या सरासरी वेळेच्या ४ पट असते, तर ९० टक्क्यांना ती ९ पट होते. हे पाहिल्यावर ‘अजून १० टक्के शिल्लक आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही, आणि डेटाबेस व लेखा विभागांची माणसे रात्रीच्या कामांच्या वेळा एकमेकांना विचारू लागतात. (बॅकअप आणि मोठे अहवाल एकाच वेळी लावलेले असणे, हा प्रकार सर्रास आढळतो.) अशा वेळी नव्या सर्व्हरच्या खरेदीआधी वेळापत्रक बदलून पाहावे.