एकटी राहिलेली गोळी

दहावीच्या सहामाहीत विद्युत प्रभाराबद्दल (इलेक्ट्रिक चार्जबद्दल) मी लिहिलं होतं, ‘प्रभार म्हणजे एका वस्तूने दुसरीला ढकलण्याचे बल.’ बाईंनी त्यावर फुली मारली नाही. “शाळा सुटली की प्रयोगशाळेत ये,” एवढंच म्हणाल्या.

चूक शब्दातच दडली होती. ‘प्रभार’मध्ये ‘भार’ ऐकू येतो, भार म्हणजे वजन, आणि वजन तर बलच. मग प्रभारही बलाचाच एखादा प्रकार असणार, असं मी धरून चाललो होतो. (बॅटरी ‘चार्ज’ होते तेव्हाही तिच्यावरचा एकूण प्रभार वाढत नाही, साठते ती ऊर्जा. शब्द असे फसवतात.)

स्टँडला रेशमाच्या दोऱ्यांनी थर्मोकोलच्या दोन गोळ्या टांगल्या होत्या, दोन्हींना चंदेरी कागद गुंडाळलेला. बाईंनी लोकरीवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी दोन्हींना टेकवली. गोळ्या झटकन लांब झाल्या, दोरे तिरके. मग त्यांनी एक गोळी दोऱ्यासकट काढून घेतली. उरलेली सरळ लोंबू लागली.

“आता हिच्यावर विजेचं बल किती?”

“शून्य.”

“आणि प्रभार?”

मी गप्प.

“बोट ने जवळ.”

नेलं. गोळी आपणहून बोटाकडे झुकली, टेकली आणि परत सरळ झाली. म्हणजे मी हात लावेपर्यंत प्रभार तिच्यावरच होता.

बल लागायला दोघं लागतात, प्रभार एकट्याचाही असतो. कूलोम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली तारेचा पीळ मोजून दाखवलं की अंतर दुप्पट केलं तर बल पाव होतं. प्रभार मात्र तेवढाच राहतो. बलाला दिशा असते, प्रभाराला फक्त धन किंवा ऋण चिन्ह. त्याच्याच नावाचं प्रभाराचं एकक, एक कूलोम, ऐकायला किरकोळ वाटतं, पण एकेक कूलोमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवले तर त्यांच्यातलं बल सुमारे ९ अब्ज न्यूटन, म्हणजे जवळपास नऊ लाख टनांचं वजन!

मला सगळ्यात भावला तो पुढचा प्रयोग. बाईंनी दोन्ही गोळ्या पुन्हा टांगून प्रभारित केल्या आणि तिसरी तशीच कोरी गोळी त्यांतल्या एकीला टेकवून बाजूला घेतली. जिला टेकवली तिचा प्रभार साधारण निम्मा झाला. मला वाटलं, आता हिचाच दोरा खाली येईल. दोन्ही दोरे सारखेच खाली आले. विश्वास बसेना, म्हणून मी कोनमापक लावून पाहिला. प्रभार असमान असले तरी दोघींवरचं बल समानच.

निघताना विचारलं, “पण बाई, गोळी एकटी असते तेव्हा तिचा प्रभार करतो काय?”

बाईंनी टेबलावरच खडूने एक वर्तुळ काढलं आणि चहूबाजूंनी त्याच्याकडे येणारे बाण. प्रभार ऋण होता, म्हणून टोकं आत. “इथे कुठेही दुसरा प्रभार ठेव. त्याच्यावर किती बल आणि कुठल्या दिशेला, ते आधीच ठरलेलं आहे.”

अकरावीत ‘विद्युतक्षेत्र’ हा शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा मला ते खडूचे बाण दिसले.