मुलीसाठी फिल्टरवालं रक्त मिळवताना आलेला माझा अनुभव

माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. आधी जवळपास प्रत्येक वेळी पिशवी संपत आली की हुडहुडी भरून ताप यायचा, मग रक्त थांबवा, पॅरासिटामॉल द्या, आणि वॉर्डात सांगायचे की होतं असं काही मुलांना. थरथरणारं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या आईला हे उत्तर पुरत नाही हो.

नवीन डॉक्टरांनी नीट समजावलं. हिला हव्यात फक्त लाल पेशी, पण पिशवीत दात्याच्या पांढऱ्या पेशी पण असतात, शंभर कोटींच्या वर, आणि पिशवी फ्रिजमध्ये 35 ते 42 दिवस ठेवता येते, तेवढ्यात त्या पेशी ताप आणणारी द्रव्यं रक्तात सोडत राहतात. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) सारखा विषाणूही मुख्यतः त्यांच्यातूनच येतो. शिवाय मुलीच्या अंगात या पांढऱ्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या तर पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटला अडचण येऊ शकते, हे ऐकल्यावर तर मी हट्टालाच पेटले.

सुरुवातीला मेडिकलमधून बेडसाइड फिल्टर, म्हणजे रक्त चढवताना नळीला लावायची पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी, आणून लावायचो. ताप कमी झाला पण पूर्ण गेला नाही, कारण पेशी फिल्टरमध्ये अडकतात, आधीच सुटलेली द्रव्यं मात्र बरीचशी तशीच जातात. म्हणून रक्त घेतल्यावर लगेच, साठवायच्या आधीच फिल्टर केलेली पिशवी हवी. एका ब्लड बँकेत म्हणाले आमच्याकडे बफी कोट (रक्त फिरवून वेगळा केलेला पांढऱ्या पेशींचा थर) काढलेलं असतं, तेच ते. तेच ते नाही! बफी कोट काढून बऱ्याच पेशी जातात पण कोट्यवधी उरतात, चांगल्या फिल्टरने एका पिशवीत 50 लाखांच्या खाली येतात.

आता डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'ल्यूकोरिड्यूस्ड, प्री-स्टोरेज' (साठवायच्या आधीच पांढऱ्या पेशी गाळलेलं) असं स्पष्ट लिहून घेते, तारखेच्या काही दिवस आधी बँकेला फोन करते, आणि पिशवी आली की लेबल नर्सताईंसोबत स्वतः वाचते. ताप आता क्वचितच येतो, आणि आला तर रक्त तिथेच थांबवायला लावते, अंगावर काढत नाही.

अजून एक, घरचे प्रेमाने म्हणतात मामाचं रक्त देऊ, काकाचं देऊ, तर ते घेऊ नका. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरावरच उलटू शकतात, त्यासाठी फिल्टर पुरत नाही, पिशवी इरॅडिएट करावी लागते, म्हणजे तिच्यावर किरणांचा मारा करावा लागतो. मामाला म्हटलं तू बँकेत दे, दुसऱ्या कुणाच्या पोराला मिळेल.